पडली की पाडली

तुमचा प्रश्न: बांधाच्या वादातून चुलत भावाने काठीने मारलं, हात सुजलाय, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतली आणि घरातली मोठी माणसं म्हणतात मिटवून टाका. एफआयआरच्या मागे लागावं की मिटवावं?

मिटवू नका. निदान एक्स-रे निघेपर्यंत तरी अजिबात नाही.

एनसी घेतली म्हणून हवालदारावर चिडण्यात अर्थ नाही. साधी दुखापत, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ३२३ आणि आता भारतीय न्याय संहितेचं ११५(२), अदखलपात्रच आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यात पोलीस तपास करू शकत नाहीत. पण हाड मोडलं, सांधा निखळला किंवा एक दात जरी पडला तरी ती गंभीर दुखापत होते. तिथे ११७(२) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि एफआयआर घ्यावीच लागते. त्यामुळे तुमची केस ठाण्यात ठरत नाही, दवाखान्यात ठरते. आणि हे कळायला आमच्या घरात आईचा उजवा हात खर्ची पडला.

२०१३ चा जुलै. वडील वारीला गेलेले, मी बारावीत. सोलापूर जिल्ह्यात आमचं सव्वातीन एकर रान, शेजारी सख्खा चुलता. त्याने बांध कोरत कोरत नांगराची दोन तासं आपल्याकडे ओढली होती. त्या दिवशी आई एकटीच रानात होती. ती बांधावर आडवी उभी राहिली. चुलत्याने हातातल्या खोऱ्याचा दांडा तिच्या हातावर घातला आणि वर छातीला हात लावून ढकललं. आई बांधावरून खाली गेली ती उजवा तळहात टेकूनच.

संध्याकाळी मामा आले. आमच्याकडे शहाणा माणूस म्हणजे मामा. ग्रामपंचायतीत एकदा निवडून आलेले, चार साहेबांच्या ओळखी. त्यांनी जीपमध्येच आईला पढवलं. "मारहाण म्हणलीस की पोलीस केस होती, मग डॉक्टर हात लावत न्हाई. आधी हात बघू दे. पडले म्हण." खरं तर १९८९ सालीच सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की जखमी माणसावर आधी उपचार, कागदपत्रं नंतर. पण जीपमध्ये ते कुणाला ठाऊक?

डॉक्टरने विचारलं, "मावशी, काय झालं?" आईने मामाकडे बघितलं. मामाने मान हलवली. "पडले," आई म्हणाली. डॉक्टरने केसपेपरवर तेवढंच लिहिलं. एक्स-रे काढणारा माणूस रात्री नव्हता. क्रेप बँडेज, गोळ्या आणि घरी.

दुसऱ्या दिवशी आई हट्टाने ठाण्यात गेली. तिथून मेडिकल यादी (दवाखान्यात तपासणीसाठी पोलिसांची चिठ्ठी) मिळाली, पण दवाखान्याने कालचाच पेपर बघून दाखला दिला: साधी दुखापत. झाली एनसी. ३२३, ५०४, ५०६, म्हणजे मारहाण, शिवीगाळ, धमकी. हे त्रिकूट महाराष्ट्रातल्या भावकीला पाढ्यासारखं पाठ असतं.

सूज उतरेना. बाराव्या दिवशी खाजगीत एक्स-रे काढला तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटात जे लहान हाड असतं त्याला तडा. ते डॉक्टर म्हणाले, या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही, दहा-बारा दिवसांनी दिसतो. शिवाय त्याचा रक्तपुरवठा तोकडा, म्हणून उशीर झाला की जुळायला कटकट. नवा कागद घेऊन ठाण्यात चकरा मारल्या तेव्हा कुठे ३२५, म्हणजे गंभीर दुखापतीचं जुनं कलम लागलं. तोवर चुलत्यानेही तक्रार देऊन ठेवली होती, की माझ्या वडिलांनी त्याला दगड मारला. वडील त्या दिवशी दिंडीत! पण क्रॉस केस ती क्रॉस केस. दोन्ही घरांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची कारवाई झाली आणि तहसीलदारासमोर आम्ही एकाच बाकावर बसून बंधपत्रं लिहून दिली.

मग गावातले तंटे मिटवणारे तंटामुक्ती समितीवाले. गावाला तेव्हा बक्षिसाची आस, आणि आमचा तंटा त्यांच्या रजिस्टरात मिटलेला दाखवायचा होता. हाताचं काय हे कुणी विचारलं नाही. बायका तर म्हणाल्या, बाईमाणसानं बांधावर जायचंच कशाला. चुलत्याला मात्र कुणी विचारलं नाही की तू बाईवर हात का टाकलास. पुढच्या वर्षी तो भावकीतल्या लग्नात पंगतीला पहिल्या ओळीत होता.

२०१८ मध्ये उलटतपासणी झाली. त्यांच्या वकिलाने आईला एकच विचारलं, "बाई, दवाखान्यात तुम्ही स्वतः काय सांगितलं?" नंतर डॉक्टरला, "तळहातावर पडल्याने हे हाड मोडू शकतं?" डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "हो, बहुतेकदा असंच मोडतं." झालं. संशयाचा फायदा, चुलता निर्दोष.

मामा आजही म्हणतात, "खोटं कुठं बोलली ती? पडलीच की!" दहा वर्षं आमचा हाच वाद चालू आहे. पडली आणि पाडली यात फक्त एका कान्याचा फरक, पण तो काना कागदावर असता तर तेच हाड, तोच डॉक्टर, तीच साक्ष आमच्या बाजूने उभी राहिली असती. कारण ढकलल्यामुळे पडून मोडलं तरी ती ढकलणाऱ्यानेच केलेली दुखापत. मामा, हे तुमच्यासाठीही लिहितेय.

आईचं ते हाड नीट जुळलंच नाही. भाकरी थापताना परातीत मनगट वळवावं लागतं, ते तिला जमत नाही. आता ती पोळपाटावर प्लास्टिकचा कागद ठेवून डाव्या हाताने दाबत भाकरी पसरवते. कडा जाड राहतात.

त्या भाकरीचीही कोर्टात चर्चा झाली बरं का. हाड मोडलेलं नसलं तरी तेव्हाच्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना होत्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर तीही गंभीर दुखापतच व्हायची. नव्या संहितेत त्याचे पंधरा दिवस केलेत. चुलत्याचा वकील म्हणाला, बाई तर आठव्या दिवशी स्वयंपाक करत होत्या. करत होती, एका हाताने. घरच्या बाईला पंधरा दिवस कोण झोपू देतं?

तर तुमच्याबद्दल. काठीने मारलं हे केसपेपरवर आहे का ते आधी बघा, नसेल तर आजच जाऊन सविस्तर सांगा, कोणी, कशाने, कुठे. काठी किती जाड होती त्यावरही अवलंबून आहे. ती जीवघेणं हत्यार धरली गेली तर ११८(१) लागतं आणि तेही दखलपात्र आहे. हाड मोडलेलं निघालं आणि ठाण्याने तरी एफआयआर नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. एनसीवर झोपून राहू नका, साध्या दुखापतीला कोर्टात जायची मुदत एकच वर्ष आहे.

मी वकील नाही, कलमं चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या. आणि मिटवणं नेहमीच वाईट असंही नाही. ११७(२) सुद्धा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, त्यात चुलत भावाला जामीन मिळेलच, आणि पाच-सहा वर्षं तारखांना जायची तुमच्या घराची तयारी आहे का हे तुम्हालाच माहीत. पण मिटवायचंच असेल तर हातात पुरा कागद ठेवून मिटवा.

कोणता हात ते तुम्ही लिहिलं नाही. अंगठा ताणला की मनगटावर त्याच्या मुळाशी खळगा पडतो, तो दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून बघा. दुखलं तर उद्या सकाळीच हाडांच्या डॉक्टरकडे जा, आणि सोबत शहाणा माणूस नेऊ नका.