पोलंडमधल्या ‘यानेक विश्न्येफ्स्की’च्या गाण्यातला यानेक खरा कोण होता?

आधी थोडक्यात उत्तर: डिसेंबर १९७० मध्ये पोलंडच्या ग्दिन्या या बंदरशहरात कामगारांवर गोळीबार झाला, त्यावरचं हे गाणं. पण यानेक विश्न्येफ्स्की नावाचा कुणी त्या गोळीबारात मेलाच नाही. मेला तो अठरा वर्षांचा झ्बिग्नियेव गोद्लेफ्स्की. घरचे झ्बिशेक म्हणायचे. गाणं लिहिणाऱ्याला त्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून त्याने एक नाव ठेवून दिलं.

तुम्ही आंद्जेय वायदाचा ‘मॅन ऑफ आयर्न’ हा सिनेमा पाहून विचारलंय की शेवटी बाईच्या आवाजात वाजणाऱ्या गाण्यातला, दारावर घालून नेलेला पोरगा खरा होता का. पोरगा खरा, दार खरं, रस्ताही खरा. खोटं आहे ते फक्त नाव.

मी जहाजावर इंजिनियर आहे. काही वर्षांपूर्वी आमचं जहाज तीन आठवडे ग्दिन्याच्या एका दुरुस्ती यार्डात पडून होतं. तिथे निवृत्तीला टेकलेला एक फिटर होता, १९७० साली ग्दिन्यातल्या हिलोन्या वस्तीत राहणारा चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा. त्याचं इंग्रजी पंप, व्हॉल्व्ह आणि शिव्या एवढंच, माझं पोलिश त्याहून कमी. तरी जे कळलं त्याने मला नाद लागला आणि पुढे मी बरंच वाचलं.

प्रकरण सुरू झालं महागाईपासून. १२ डिसेंबर १९७० च्या शनिवारी संध्याकाळी सरकारने भाववाढ जाहीर केली. मांस सतरा टक्क्यांच्या आसपास महागलं, पीठ, मासे, जॅम सगळंच वर गेलं, आणि नाताळ दोन आठवड्यांवर होता. त्याच घोषणेत रेडिओ, टीव्ही, वॉशिंग मशीन मात्र स्वस्त! पोटाला चिमटा आणि वर टीव्ही स्वस्त, हे कुठल्या बाबूच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे. सोमवारी शेजारच्या ग्दान्स्क शहरातल्या लेनिन शिपयार्डचे कामगार बाहेर पडले, मंगळवारी तिथलं कम्युनिस्ट पक्षाचं कार्यालय पेटलं.

ग्दिन्यात मात्र मंगळवारी काहीच जळलं नाही. लोक मोर्चाने नगर परिषदेवर गेले, तिथल्या अध्यक्षाने संपसमितीशी बोलून कागदावर सही केली. त्याच रात्री त्या समितीच्या लोकांना उचलून तुरुंगात टाकलं. बुधवारी रात्री उपपंतप्रधान स्तानिस्वाव कोच्योवेक टीव्हीवर आला आणि म्हणाला, कामावर परत या. तो आधी ग्दान्स्कमध्ये पक्षाचा प्रमुख होता, म्हणजे लोकांच्या ओळखीतला. लोकांनी ऐकलं.

इथे जरा थांबा, कारण सगळं गाणं या सकाळीवर उभं आहे. गुरुवार, १७ डिसेंबर, पहाटेचे सहा, गडद अंधार. ग्दिन्या-स्तोच्न्या हे लोकलचं छोटं स्टेशन, शिपयार्डच्या दारातलं. आपल्याकडे पहिल्या पाळीला लोकल कशा भरून येतात तशाच तिथेही येत होत्या. लोक उतरले तर समोर सैन्य आणि रणगाडे. यार्ड रात्रीतून बंद करायचं ठरलं होतं, पण लोकल बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लाउडस्पीकरवरून ‘परत जा’ ओरडत होते, आणि मागून गाडीमागून गाडी माणसं आणून ओतत होती. पुढच्यांना मागे सरकायला जागा नव्हती. मग गोळ्या सुटल्या. त्या दिवशी ग्दिन्यात अठरा माणसं मेली. किनाऱ्यावरच्या सगळ्या शहरांत मिळून चाळीसहून जास्त मेले आणि हजारावर जखमी झाले.

माणसं मारली गेली ती सरकारचं ऐकून कामावर येताना. संप करताना नव्हे.

झ्बिशेक त्यांतला एक. त्याचं घर एल्ब्लाँग शहरात, तो ग्दिन्याच्या बंदरात कामाला लागलेला. तो पडल्यावर लोकांनी कुठलं तरी दार मिळवलं, त्यावर त्याला निजवलं, खांद्यावर घेतलं आणि श्वियेन्तोयान्स्का या शहराच्या मुख्य रस्त्याने नगर परिषदेकडे निघाले. पुढे पांढरा-लाल झेंडा होता, रक्ताने माखलेला. कुणीतरी त्याचा फोटो काढला. मी तो खूप वेळा पाहिलाय. दारावर पाठीवर पडलेलं शरीर, भोवती जाड कोट घातलेली माणसं, आणि सगळ्यांची तोंडं सरळ पुढे. दाराकडे कुणी बघत नाही. नगर परिषदेपाशी मिलिशियाने (तिकडे पोलिसांना हेच नाव होतं) तो जमाव गॅस आणि गोळ्यांनी उधळला.

क्षिश्तोफ दोव्ग्यावो हा वास्तुविशारद. त्याने त्या दिवसांच्या धक्क्यातून काही कडवी लिहिली. कुणाला नेलं हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने यानेक विश्न्येफ्स्की हे नाव घेतलं. यानेक म्हणजे यानचं लाडकं रूप, आणि विश्न्येफ्स्की हे पोलंडमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. आपण ‘बाळू पाटील’ म्हणावं तसं. असा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असतो.

गाण्याचं पहिलंच कडवं हाक मारतं: ग्राबूवेकच्या पोरांनो, हिलोन्याच्या पोरांनो, आज मिलिशियाने शस्त्र चालवलं. ग्राबूवेक आणि हिलोन्या या ग्दिन्यातल्या कामगारवस्त्या. गाण्यात वस्तीचं नाव आलं की तिथल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, हे पोवाड्यावर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. प्रत्येक कडवं येऊन आपटतं ते एकाच ओळीवर, यानेक विश्न्येफ्स्की पडला. ‘पडला’साठीचा पोलिश शब्द कागदावर पाहिला तर ‘पद्ल’ असा दिसतो. त्यातल्या ‘ल’वर तिरकी रेघ असल्याने तो तोंडात ‘व’सारखा येतो ती गोष्ट वेगळी. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा भाषांतराची गरजच पडली नाही. हा निव्वळ योगायोग आहे, पण काय योगायोग!

तपशिलात गाणं काटेकोर नाही. ते शस्त्र मिलिशियाच्या हातात देतं, पण स्टेशनपाशी सकाळी उभ्या असलेल्या बंदुका सैन्याच्या होत्या. गाणं स्वुप्स्कच्या ‘डाकूं’नाही शिव्या घालतं. स्वुप्स्कमध्ये मिलिशियाची प्रशिक्षण शाळा होती, तिथून पोरं आणली होती. आणि एका ओळीत सरळ म्हणतं की कामगारांवर गोळ्या झाडतोय तो पक्ष. पक्षाच्या नावातच ‘कामगार’ हा शब्द होता, तेव्हा ही ओळ किती झोंबली असेल याची कल्पना करा.

सगळ्यात जास्त वार कोच्योवेकवर. ‘रक्ताळ कोच्योवेक, त्रिनगरीचा मारेकरी’ (ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिन्या मिळून त्रिनगरी). कोच्योवेक या शब्दाचा अर्थ लहानशी हंडी. रक्ताची हंडी! शाहिराला असलं आडनाव आयतं मिळालं तर तो सोडेल काय?

पण मला सगळ्यात भारी वाटते ती दुसरीच ओळ. शिपयार्डच्या लोकांनो घरी जा, लढाई संपली, जगाला कळलं, जग काही बोललं नाही. निषेधाच्या गाण्यांत ‘उठा’, ‘चला’, ‘पेटवा’ असतं. हे गाणं घरी जा म्हणतं. आयांना रडू नका, हे फुकट गेलेलं नाही असं सांगणारी ओळही त्यात आहे, पण कान देऊन ऐकलं तर ते हरलेल्या माणसांचं गाणं आहे.

हरले का, तर अर्धेमुर्धे. २० डिसेंबरला पक्षाचा प्रमुख गोमुल्का गेला आणि त्याच्या जागी गिएरेक आला. भाव मात्र तिथेच राहिले. ते खाली आणले फेब्रुवारी १९७१ मध्ये वूच शहरातल्या कापडगिरण्यांच्या संपाने, आणि त्या गिरण्यांत बहुतेक बायका होत्या. पंतप्रधान स्वतः त्यांच्याकडे गेला, समजूत काढायला बघितलं, त्यांनी दाद दिली नाही. दुसऱ्याच दिवशी भाववाढ मागे घेतल्याचं जाहीर झालं. म्हणजे जिंकल्या त्या गिरणीवाल्या बायका. गाणं मात्र झालं ते रस्त्यावर पडलेल्या पोराचं. जिंकणाऱ्यांची गाणी होत नाहीत, निदान बायका जिंकल्या तर नाहीच, असा माझा एक कडवट समज आहे. गिरणगावच्या वाचकांनी हवं तर भांडावं.

पुढची दहा वर्षं या मृतांबद्दल उघडपणे बोलायची सोय नव्हती. त्यांना रात्री, गुपचूप पुरलेलं होतं. ऑगस्ट १९८० मध्ये लेनिन शिपयार्डात पुन्हा संप झाला तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने पहिल्याच दिवशी मागणी होती ती १९७० च्या मृतांच्या स्मारकाची. आणि या वेळी कामगार रस्त्यावर आले नाहीत. यार्डाची दारं आतून लावून आतच बसले. या संपाचा पुढारी लेक वालेसा १९७० च्या संपसमितीत होता. रस्त्यावर गेलं की काय होतं हे त्याने पाहिलं होतं. बाहेरचे लोक फाटकाच्या गजांतून पाव आणि फुलं आत देत होते. ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्मली ती या बंद फाटकामागे. म्हणून मला वाटतं, गाण्यातलं ते ‘घरी जा’ त्यांनी नीट ऐकलं होतं, फक्त घराऐवजी ते यार्डात जाऊन बसले.

त्याच सुमारास म्येचिस्वाव होलेवाने या कडव्यांना चाल लावली आणि गिटारवर गाऊ लागला. त्याची चाल साधी, चालता चालता म्हणता येईल अशी. तुम्ही ऐकलेली ती नव्हे. वायदाच्या सिनेमासाठी आंद्जेय कोझिन्स्कीने वेगळं संगीत केलं आणि क्रिस्तिना यांदाने ते असं गायलं की गाणं आहे की किंकाळी हे कळू नये. मे १९८१ मध्ये सिनेमाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जग काही बोललं नाही म्हणणारं गाणं जगाने उभं राहून ऐकलं, साडेदहा वर्षं उशिरा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा आला आणि सिनेमा बंद. २०११ च्या ‘ब्लॅक थर्सडे’ या सिनेमासाठी काझिक स्ताशेफ्स्कीने ते पुन्हा गायलं, खरखरीत रॉकच्या आवाजात. तीनही ऐका, पण आधी होलेवा ऐका. यांदा आधी ऐकली की बाकीचे दोघे फिके वाटतात.

गाण्याने ज्याला मारेकरी ठरवलं त्या कोच्योवेकवर खटला चालला, २०१३ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं, २०१५ मध्ये तो वारला. यार्ड बंद होणार हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. मला विचाराल तर एकट्या त्याच्यावर सगळं ढकलणं गाण्याला सोयीचं होतं. वरपासून खालपर्यंत बरेच हात होते, पण बऱ्याच हातांचं यमक जुळत नाही.

झ्बिशेक आता एल्ब्लाँगच्या दफनभूमीत आहे. ग्दिन्यातल्या रस्त्याला नाव मात्र यानेक विश्न्येफ्स्कीचं. न जन्मलेल्या माणसाचा रस्ता! त्याच रस्त्यावर, स्टेशनाजवळ, १९८० मध्ये उभं केलेलं स्मारक आहे. १, ९, ७, ० हे चार आकडे, आणि त्यातला ७ गोळी लागलेल्या माणसासारखा कोसळतोय. दर १७ डिसेंबरला पहाटे सहाला लोक तिथे जमतात. मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. मागून पिवळी-निळी लोकल गेली, आकड्यांच्या पायाशी लाल काचेत मेणबत्त्या होत्या, विझलेल्या, आत पावसाचं पाणी साचलेलं.

दुसऱ्या दिवशी फिटरला मी विचारलं, गाण्यात नाव बदलून खरं का घालत नाहीत? मी मोजूनही ठेवलं होतं: या-नेक विश्-न्येफ्-स्की, झ्बि-शेक गोद्-लेफ्-स्की. पाच आणि पाच. आघातसुद्धा त्याच जागी, चालीला धक्का न लावता बसतं. त्याने बोटांवर मोजलं, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. “बसतं की,” म्हणाला. मग पाना उचलला आणि पंपाकडे वळताना पुन्हा तीच ओळ गुणगुणायला लागला. यानेकच म्हणत होता.