प्रिंटर ‘ऑफलाइन’ आणि घरातले आयपी पत्ते

प्रश्न : घरात चौदा यंत्रं झाली. पत्ते संपतील का?

नाही. आयपी पत्ता म्हणजे घरातल्या नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा नंबर. साध्या घरगुती राउटरकडे असे २५४ पत्ते असतात.

प्रश्न : लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसतो, नेट नाही.

राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. वायर बघा, राउटर बंद-चालू करा.

प्रश्न : वायफाय प्रिंटर आठ-दहा दिवसांनी ‘ऑफलाइन’ व्हायचा. ओळखीच्या मुलाने प्रत्येक यंत्रात हाताने पक्का आयपी टाकून दिला. आता कधी टीव्ही अडतो, कधी प्रिंटर.

हा ‘पक्का आयपी टाका’ सल्ला कोण वाटत फिरतं कोण जाणे! पत्ते वाटायचं काम राउटरमधल्या डीएचसीपीचं. समजा तो वाटतो त्या पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.१.१०० ते १९९ आहे आणि तुम्ही प्रिंटरमध्ये १०५ टाकलात. राउटरकडे त्याची नोंद नाही. प्रिंटर बंद असताना तो १०५ टीव्हीला देऊन मोकळा होतो. प्रिंटर चालू केला की एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. शिवाय असा लॅपटॉप ऑफिसात नेलात की तिथेही अडणार.

हाताने टाकलेलं सगळं काढून यंत्रं ‘ऑटोमॅटिक’वर आणा. लॅपटॉपवर ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसणारा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरचं पान उघडा. डीएचसीपीखाली ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये (एका यंत्रासाठी कायम तोच पत्ता राखून ठेवायची सोय) प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी जोडा. मॅक वायफायचाच घ्या. केबलचा वेगळा असतो. प्रिंटर बंद-चालू करा. विंडोजमधला जुना प्रिंटर काढून नव्या आयपीने पुन्हा जोडा, नाहीतर तो जुन्याच पत्त्यावर कागद धाडत बसेल. रिझर्व्हेशन प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) एवढ्यांपुरतंच. फोनला गरज नाही. राउटरच्या पानावर हे सापडलं नाही तर चाचपडू नका, जाणकाराला दाखवा.

प्रश्न : जुना राउटर वरच्या मजल्यावर लावला आणि सगळंच बिघडलं.

पत्ते वाटणारे दोघे झाले. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड (पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवणारा) असेल तर तोच लावा. नसेल तर वायर जोडण्याआधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (खालच्या राउटरचा १९२.१६८.१.१ धरून), डीएचसीपी बंद करा. खालून येणारी वायर वॅनमध्ये (इंटरनेटच्या खाचेत) नको, लॅनमध्ये (घरातल्या यंत्रांच्या खाचेत).

प्रश्न : नेटवाला म्हणतो, महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या, वेग वाढेल.

वाढत नाही. तो बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत पोचायला लागतो, आणि डीव्हीआरचं अ‍ॅप बहुधा त्याशिवायही चालतं. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. त्यावर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने घरातल्या ठरावीक यंत्राकडे धाडणं) चालत नाही. तेच हवं असेल तरच पैसे द्या, तेही नेमकं काय मिळणार हे लेखी विचारून.

प्रश्न : कॅमेरे बाहेरून दिसावेत म्हणून बसवणाऱ्याने डीव्हीआर ‘डीएमझेड’मध्ये टाकला. चालेल ना?

नाही. आजच काढा. डीव्हीआरचे सगळे दरवाजे इंटरनेटला उघडे पडलेत. पासवर्ड कारखान्याचाच असेल तर तोही आजच बदला, आणि पुढची जोडणी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.