तळाशी चार, वर एकवीस

प्रश्न : जैवभाराचा मनोरा जमिनीवर सरळ आणि समुद्रात उलटा असतो, पण ऊर्जेचा मनोरा कधीच उलटा नसतो, असे आमच्या पुस्तकात दिले आहे. खाणारे जास्त आणि खाद्य कमी असेल, तर खाणारे उपाशी का राहत नाहीत?
— बारावीची एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : दोन्ही मनोरे (तळाशी वनस्पती, वर त्यांना खाणारे) त्रिकोणाच्याच आकारात काढले जात असले, तरी ते मोजतात दोन वेगळ्या गोष्टी, आणि गोंधळ होतो तो इथेच. जैवभार म्हणजे या घटकेला किती सजीव द्रव्य शिल्लक आहे ते. ऊर्जेचा मनोरा मात्र वर्षभरात एका पातळीतून किती ऊर्जा गेली, हे सांगतो. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी उभे राहिलात, तर परातीत दहा वडे आणि भोवती तीस गिऱ्हाइके दिसतील. तरीही कोणी उपाशी परतत नाही, कारण कढईतून घाणे सतत निघत असतात. रात्री हिशेब केला, तर तळलेल्या वड्यांपेक्षा खाल्लेले वडे जास्त भरणे शक्यच नसते.

समुद्रात वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ही ती कढई आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण प्रसिद्ध आहे : दर चौरस मीटरला वनस्पतीप्लवकाचे कोरडे वजन 4 ग्रॅम, तर त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचे 21 ग्रॅम. पण या सूक्ष्म वनस्पती अनुकूल स्थितीत दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ल्याही जातात, त्यामुळे शिल्लक नेहमी थोडीच दिसते. ठाणे खाडीच्या काठावरच्या तिवराचे नेमके उलटे असते. त्याच्या खोडात आणि मुळांत वर्षानुवर्षांचे द्रव्य साठलेले असते, आणि म्हणून तिथला मनोरा तळाशी भक्कम भरतो. शिवाय तिवराचा बराचसा पाला हिरवा असताना खाल्लाच जात नाही. तो गळून चिखलात पडतो, जीवाणू आणि बुरशी त्याचे विघटन करतात आणि मग तो खेकडे व इतर लहान प्राण्यांच्या तोंडी लागतो. पुस्तकातल्या गवत–नाकतोडा–बेडूक या साखळीपेक्षा खाडीत कुजलेल्या पाल्यापासून सुरू होणारी ही साखळी कितीतरी महत्त्वाची आहे.

आता ‘दहा टक्क्यांच्या नियमा’विषयी, म्हणजे एका पातळीतली सुमारे दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीला मिळते, या नियमाविषयी. परीक्षेत 1000, 100, 10 असेच लिहा. पण परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांच्या ज्या लेखाशी हा नियम जोडला जातो, त्यात मिनेसोटातल्या सीडर बॉग तळ्यासाठी शाकाहारी प्राण्यांची कार्यक्षमता 13.3 टक्के आणि मांसाहाऱ्यांची 22.3 टक्के निघाली होती. दहा हा सोयीचा, ढोबळ आकडा आहे. (1942 साली तो लेख छापून येण्याआधीच लिंडमन यांचे निधन झाले होते.) टक्का कोणताही धरला, तरी प्रत्येक पायरीवर श्वसनातून उष्णता बाहेर पडते आणि ती परत वापरता येत नाही, ऊर्जेचा मनोरा उलटत नाही तो यामुळे.

प्रश्न : लहान आणि मोठा असे दोन्ही रोहित पक्षी ऐरोलीच्या एकाच चिखलात चरतात. मग त्यांच्यात स्पर्धा होत नाही का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोघांचा अधिवास एक आहे, निश (म्हणजे तिथे जगण्याची त्यांची रीत) मात्र वेगळी आहे. लहान रोहिताच्या चोचीतली गाळणी फार बारीक असल्यामुळे तो मुख्यतः नीलहरित शैवाल आणि डायाटम (एकपेशीय शैवाल) गाळून खातो. मोठ्या रोहिताची गाळणी जाड असते आणि त्याला कोळंबीवर्गीय जीव, अळ्या, लहान शंख असे मोठे खाद्य मिळते. त्याचे पाय लांब असल्याने तो अधिक खोल पाण्यातही उतरू शकतो. निश एकच असती, तर स्पर्धा टळली नसती : रशियन जीवशास्त्रज्ञ गॉस यांनी 1934 साली पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच अन्नावर वाढवल्या, तेव्हा त्यांपैकी एक नाहीशी झाली होती. ‘अधिवास म्हणजे पत्ता, निश म्हणजे व्यवसाय’ ही उपमा वर्गात चालते, पण ती अपुरी आहे, कारण त्या सजीवाला कोणते तापमान आणि किती क्षारता सोसते हेही निशमध्येच येते.

प्रश्न : ठाण्यातल्या तलावपाळीला (मासुंदा तलावाला) परिसंस्था म्हणता येईल का?
— एक विद्यार्थी, नौपाडा

उत्तर : अवश्य म्हणता येईल. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतले सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर यांची एकत्रित व्यवस्था. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ले यांनी 1935 साली हा शब्द मांडला, तेव्हा माणसाने घडवलेल्या परिसंस्थाही त्यांनी विचारात घेतल्या होत्या. सीमा अभ्यासकानेच ठरवायची असते. फक्त काठावरून माशांना टाकले जाणारे पाव आणि कुरमुरे बाहेरून आलेली ऊर्जा म्हणून हिशेबात धरायला विसरू नका.