पानिपत-वॉटर्लू सोडून टेबलावर कोणती लढाई मांडावी? असई मांडा, पण नियम आधी वाचून घ्या

तुम्ही विचारलंय की पानिपत आणि वॉटर्लू सोडून, मुंबईतल्या घरात मावेल अशी, फारशी कोणाला माहीत नसलेली लढाई वॉरगेमसाठी, म्हणजे छोटे सैनिक टेबलावर मांडून फाशांनी खेळायच्या लढाईसाठी, कोणती. माझ्यापुरतं उत्तर एकच, असई. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला शिंदे-भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज. इंग्लंडातले वॉरगेमवाले ही लढाई आवडीने खेळतात. ती झाली आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, आणि इथे कोणाला सांगितलं तर "वसई का?" असं विचारतात. (अगदीच चूक नाही म्हणा. १८०२च्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह केला, त्यातूनच हे युद्ध पेटलं.)

जागेचा प्रश्न असईत आपोआप सुटतो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात सगळी लढाई झाली. दोन निळ्या पट्ट्या, जुईच्या काठावर असई गाव, झालं मैदान. १५ मिमी उंचीचे सैनिक असतील तर चार बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल पुरतं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याला वाटाड्यांनी सांगितलं होतं की जवळपास नदी ओलांडायला उतार नाही. त्याला केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, असं ताडून तो पिंपळगावापाशी नदी ओलांडून शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. खेळ इथून सुरू करायचा.

आता माझं दुखणं. आमचा ग्रुप मुलुंडला एका काकांकडे जमायचा. निवृत्त माणूस, रंगकाम असं की पागोट्याचे पेच मोजून घ्यावेत. काकूंना रात्री साडेआठला टेबल रिकामं लागायचं, म्हणून लढाई आठ पाळ्यांत संपवायची. असईचे नियम काकांनी स्वतः लिहिले होते. त्यात एक कलम होतं: कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणींना तोंड फिरवायचं असेल तर फाशावर पाच किंवा सहा पडायला हवा. मी शिंद्यांच्या बाजूला. माझे फासे एक, दोन, दोन, चार असे पडत गेले, पलटणी केळणेकडे तोंड करून खांबासारख्या उभ्या, आणि वेलस्ली बगलेतून आत. तिसऱ्या पाळीत खेळ खलास.

मी म्हटलं, काका, हे खरं नाही. शिंद्यांच्या पलटणींचा युरोपीय सेनानी पोलमन, त्याने त्या दिवशी नेमकं हेच करून दाखवलं होतं. वेलस्ली बगलेवर येतोय हे दिसताच त्याने अख्खी रांग काटकोनात फिरवली, एक टोक केळणेवर, दुसरं असईपाशी. वेलस्लीने ते गृहीतच धरलं नव्हतं. त्याला बगल मिळाली नाही, समोर तोफांची भिंत मिळाली. यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "अरे, मराठ्यांचा पिंड घोड्यावरचा. कवायत आपल्याला कधी जमलीच नाही. जमली असती तर हरलो कसे?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. महादजींनी डी बॉईन या युरोपीय अधिकाऱ्याला नोकरीत ठेवून जे कवायती कंपू (फौजा) उभे केले, ते काय शोभेला? असईला इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे १,६०० गेले. ऑरॉक या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकड्या भरकटून असई गावाकडे गेल्या, त्यांच्यामागे ७४वी हायलँडर पलटण गेली आणि तिची चाळण झाली. मॅक्सवेलचे घोडेस्वार धावून आले म्हणून उरलेले वाचले. शिंद्यांचे गोलंदाज तर मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर फिरवल्या.

मग हरलो कसे? दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले सुरुवातीलाच मैदानातून गेले. शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी लढाईआधीच सोडून गेले होते. हजारोंचं घोडदळ जवळजवळ बघत बसलं. म्हणजे दंड द्यायचा तर तो सरदारांना आणि घोडदळाला द्या, पलटणींना नको. मी माझे नियम असेच केलेत: पोलमन फासा न टाकता फिरतो, घोडदळाला हलायला मात्र सहाच लागतो. शिवाय ऑरॉकच्या तुकड्या कुठे जातील तेही फासा ठरवतो. वेलस्ली अजूनही बऱ्याचदा जिंकतो, पण घाम गाळून. काकांनी हे नियम एकदाही खेळून पाहिलेले नाहीत.

बाकीच्या लढाया थोडक्यात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं गिलफर्ड कोर्टहाउस, १७८१: इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचे सुमारे १,९०० लोक अमेरिकन सेनापती ग्रीनच्या एकामागे एक तीन फळ्या फोडायला जातात. मैदान मिळतं, फौजेचा चौथा हिस्सा जातो. दक्षिण इटलीतलं माइदा, १८०६: इंग्रज विरुद्ध फ्रेंच, दोन्हीकडे पाचेक हजार, एका संध्याकाळीत आटपतं. राफिया, इसवीसनपूर्व २१७: एका बाजूला आफ्रिकन हत्ती, दुसऱ्या बाजूला भारतीय. मुलं असतील तर हीच मांडा. होड्यांची हौस असेल तर १६७९ची खांदेरी. उंबरखिंड मात्र नको. इतिहास म्हणून ती मला प्रिय आहे, पण कारतलबखानाच्या बाजूला बसणाऱ्याने करायचं काय? खिंडीत शिरायचं आणि मार खायचा.

तीन गोष्टी राहिल्या. सुरुवात छापील कागदी सैनिकांनी करा, बाहेरून मागवलेल्या धातूच्या सैनिकांना जकातच फार पडते. आणि धातूचे घेतलेच तर जुलैत त्यांच्यावर वॉर्निशचा स्प्रे मारू नका, मुंबईच्या दमट हवेत पांढरी साय चढते. असईत "आपली बाजू" कोणती हेही खेळणाऱ्यांनी आधीच ठरवून घ्या, कारण पेशव्यांचे स्वार वेलस्लीकडे होते. ते टेबलावर मागे, नदीपलीकडे ठेवा. तेही फार लढले नाहीत, त्यांनाही हलायला सहाच लावा.