इंग्लंडमधलं खरंखुरं खेडं बघायचं असेल तर कुठे जावं? लंडनहून एका दिवसात होईल का?

होईल. पण कॉट्सवोल्ड्सचा, म्हणजे पर्यटकांच्या आवडत्या त्या देखण्या खेड्यांच्या भागाचा, नाद सोडा. तिथे घरं बघायला मिळतात, गाव नाही. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्सटन गाठा.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारं, आणि प्रत्येकात सगळ्यांच्या पट्ट्या. मधे ना बांध, ना कुंपण. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी फिरते. बाकी इंग्लंडात असली शिवारं जवळपास सगळीकडे कुंपणं घालून कधीच संपवली. लॅक्सटनचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, त्यात पट्टी न् पट्टी काढलेली आहे.

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने मी ज्यूरीच्या दिवशी गेलो, नोव्हेंबर संपता संपता. ज्यूरी म्हणजे तिथलेच शेतकरी. गुडघाभर बूट चढवून गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात. कोणाचा नांगर रस्त्यात घुसला, कोणी साइक म्हणजे सामाईक गवताची पट्टी कोरली, कोणी चर साफ केला नाही, सगळं लिहून घेतात. मग पबात जेवण. पुढच्या आठवड्यात कोर्ट लीट, म्हणजे गावाचं जुनं कोर्ट, बसतं आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळ, पण ती शेजाऱ्यांसमोर भरायची! हे नाटक नव्हे. १९७७ च्या कायद्याने असल्या बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार काढले, लॅक्सटनचे ठेवले.

मी तिथूनच चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. आमचा बांध तो दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने खात आला. वडील म्हणत होते, गावातले पाच जण बोलवू, खुंटी ठोकू, विषय संपवू. याला मात्र तालुक्याचं कोर्टच हवं होतं. वडील गेले, तारखा चालू आहेत. "घरच्यांनी घरच्यांचा न्याय कधी केलाय का?" हे त्याचं पालुपद. म्हटलं, बघ, शेकडो वर्षं करतायत.

तो म्हणाला, "ती कुळं आहेत रे, जमीन त्यांच्या बापाची नाही." हे खरं आहे. बहुतेक जण भाडेकरूच. १९५२ मध्ये जमीन सरकारने घेतली, २०२० पासून ती थोर्सबी इस्टेटीकडे आहे. मालक एक असला की वाद मिटवणं सोपं जातं, हेही मान्य. पण मालकी आहे म्हणून शेजारचा बांध खायची मुभा मिळते, असं सातबाऱ्यावर कुठे लिहिलंय?

असो. किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थगेटपर्यंत रेल्वे, साधारण दीड तास. पुढे टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, बसच्या भरवशावर राहू नका. पाऊस पडून गेला असेल तर साध्या बुटांनी शिवारात उतरू नका.