नाग नदीत लाल अळ्याच का निघाल्या? आधी हात कुठं घातला ते पाहा

भाऊ, तुम्ही विचारलं की नागपुरात अंबाझरी तलावाच्या खाली नाग नदीतला गाळ उपसला तर नुसत्या लाल अळ्या, आन् रामटेककडच्या ओढ्यात एका दगडाखाली पाच-सहा प्रकारचे किडे, म्हणजे हा सगळा सांडपाण्याचाच फरक ना? सांडपाण्याचा हात आहेच, पण तुमची तुलनाच बरोबर नाही. एकीकडे थांबलेला गाळ उपसला, दुसरीकडे खळखळत्या धारेतला दगड उचलला. रामटेकच्याच ओढ्यात डोहाच्या तळाचा काळा गाळ काढून पाहा, तिथंही लाल अळ्या सापडतील. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून रंग लाल, आणि म्हणूनच ऑक्सिजन अगदी कमी असला तरी त्यांचं भागतं.

धारेतल्या किड्यांचं गणित वेगळं. मेफ्लायची (पाण्यात वाढणारा एक नाजूक उडता किडा) पिल्लं पाहिली ना तुम्ही, चपटी, दगडाला चिकटलेली? त्यांचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना असतात, आणि डबक्यात राहणाऱ्या जाती ते कल्ले हलवून पाणी खेळतं ठेवतात, पण धारेत राहणाऱ्या बऱ्याच जातींना ते जमतच नाही, पाणी वाहत आलं तरच श्वास. तुम्ही डब्यात आणलेली संध्याकाळपर्यंत मेली म्हणता, ती बहुतेक याच्यामुळंच. त्यात आणखी पाणी तापलं की ऑक्सिजन आणखी कमी होतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशाला साडेसातच, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे.

एकाच दगडावर पण वाटण्या असतात, मला तर हेच सगळ्यात आवडतं. जिथं धार जोरात आपटते तिथं काळ्या माशीच्या अळ्या, रेशमाची गादी करून तिच्यात मागचे हुक रुतवतात आणि तोंडावरच्या पंख्यांनी वाहतं खाणं गाळून घेतात. दगडांच्या फटीत कॅडिसफ्लायची (पतंगासारखा एक किडा) अळी प्रवाहाकडं तोंड करून जाळं विणते. बाजूच्या वाळूत काही चतुरांची पिल्लं पुरून बसलेली. आता या फटी गाळानं बुजल्या तर पाणी कितीही स्वच्छ असो, जाळंवाले आणि चपटेवाले दोन्ही गेले. वाळूउपसा झालेल्या ओढ्यात मी हेच पाहत आलोय, पाणी नितळ दिसते आन् दगडाखाली काहीच नाही, लई वाईट वाटतं.

म्हणून आता धारेची तुलना धारेशीच करा. दोन्हीकडं गुडघ्याखालची खळखळ, मुठीएवढे दगड, तोच महिना. भर पावसाळ्यात नको, पुरात दगडच गडगडतात आणि किडे वाहून जातात, दिवाळीनंतर जा. नाग नदीत धारेतसुद्धा फक्त लाल अळ्या आणि शेपटीच्या नळीनं पृष्ठभागावरून हवा घेणाऱ्या अळ्याच मिळाल्या, तर मग सांडपाण्याला दोष द्या, हातमोजे मात्र घाला तिथं. आणि पाहून झालेला दगड त्याच जागी, त्याच बाजूनं ठेवा, उलटा ठेवला की वर चिकटलेले खाली दबून मरतात.