गेममध्ये भेटणारा डिकन्स किती खरा असतो?

'असॅसिन्स क्रीड सिंडिकेट' या गेममध्ये चार्ल्स डिकन्स भेटतो. त्या भेटीतून आपल्या नववीतील मुलाला लेखकाची खरी ओळख होईल का, आणि एखादा मराठी लेखक असा दाखवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात इंग्रजी साहित्य शिकवतो आणि हा गेम भाच्याबरोबर बसून खेळलो आहे. माझ्या मते ओळख होते, पण ती अपुरी राहते.

हा गेम २०१५ चा असून त्याची कथा १८६८ च्या लंडनमध्ये घडते. डिकन्स त्यात 'घोस्ट क्लब' या भुताखेतांचा शोध घेणाऱ्या मंडळाच्या निमित्ताने येतो आणि खेळाडूला भुताखेतांच्या अफवांचा छडा लावण्याची मिशन्स देतो. ही निवड अभ्यासपूर्वक केलेली आहे, कारण हा क्लब १८६२ मध्ये लंडनमध्ये खरोखरच स्थापन झाला होता, डिकन्सचे नाव त्याच्याशी जोडले जाते, आणि नाताळच्या अंकांसाठी भूतकथा लिहिणे व लिहवून घेणे हा तर त्याच्या संपादकीय कामाचाच भाग होता.

मात्र १८६८ मधील डिकन्स हा थकलेला माणूस होता. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या रेल्वे अपघातातून तो वाचला, जखमींना पाणी पाजत फिरला, आणि लोंबकळत्या डब्यात परत चढून त्याने चालू कादंबरीचे हस्तलिखित बाहेर काढले. त्यानंतर रेल्वेप्रवासाची भीती त्याला कायमची जडली. अमेरिकेतील जाहीर वाचनांच्या दौऱ्याने प्रकृती आणखी खालावली आणि अपघातानंतर बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, तो गेला. गेममधील उत्साही, चटपटीत डिकन्समध्ये मला याची सावलीही जाणवली नाही. त्याहून मोठी संधी वाया गेली ती रात्रीच्या भटकंतीची. झोप लागत नसे म्हणून डिकन्स रात्र-रात्र लंडनमधून मैलोन्‌मैल चालत असे आणि त्यावर त्याने निबंधही लिहिला आहे. ज्या गेमचा सारा आनंदच रात्रीच्या लंडनमध्ये फिरण्यात आहे, त्यात हा लेखक पहाटे दोन वाजता एखाद्या पुलावर एकटा चालताना भेटायला हवा होता. मुलाला आपण त्याची १८६६ मधील 'द सिग्नलमॅन' ही छोटी कथा जरूर वाचायला द्यावी. रेल्वे आणि भूत या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र सापडतील.

या बाबतीत मला 'द ग्रेट एस अटर्नी' हा न्यायालयीन खटल्यांचा गेम अधिक उजवा वाटतो. त्यात जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी लंडनमध्ये एका बाईला भोसकल्याच्या आरोपाखाली न्यायालयात उभा राहतो. खटला काल्पनिक आहे आणि चित्रण बरेचसे विनोदी आहे, पण त्यामागचे दुःख खरे आहे: १९०० ते १९०२ या काळात सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनमध्ये राहिलेला सोसेकी एकटेपणाने इतका खचला होता की त्याला वेड लागल्याची बातमी जपानपर्यंत पोहोचली होती. परक्या शहरात सगळे आपल्याकडे संशयाने पाहतात ही त्याची भावनाच गेममध्ये कथानक झाली आहे. तिथे लेखकाला वगळले तर प्रकरणच उरत नाही.

मराठीत असे करायचे झाल्यास माझ्या डोळ्यांसमोर हरिभाऊ आपटे येतात. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही रेनॉल्ड्स या इंग्रजी लेखकाच्या लंडनवरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली, पण तिच्यात चित्र उमटले ते पुण्याचे. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. गेम १८९७ च्या प्लेगमधील पुण्यात घडवायचा म्हटला तर निर्मात्यांना २२ जूनच्या रात्रीचा, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तो गणेशखिंडीचा रस्ता खुणावणार, हे उघड आहे. हरिभाऊंना मात्र तिथे उभे करू नये. ते आनंदाश्रमात, म्हणजे ते जिचा कारभार पाहत त्या पुण्यातील संस्कृत ग्रंथांच्या संस्थेत, भेटावेत, आणि त्यांनी खेळाडूला सांगावे की शहर ओस पडते आहे, खिळेजुळारी गावी निघून गेले आहेत, तरी या आठवड्याचा अंक वेळेवर निघालाच पाहिजे.